सेवानियमातली एक ओळ

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. कर्जाचे अर्ज, पेन्शनचे कागद, पोरांच्या प्रवेशाचे फॉर्म असं काहीतरी घेऊन लोक येतात. हे प्रकरण तिथलंच. ज्या बाईचं आहे तिने 'लिवा, पन नाव नको' असं बजावलंय, म्हणून नाव आणि गाव सोडून बाकी सगळं सांगतो.

जून २०२१ मध्ये ती पहिल्यांदा आली. तौक्ते वादळाला जेमतेम महिना झाला होता. देवगड तालुक्यातल्या कितीतरी बागांत त्या मे महिन्यात आंबा पेटीत जाण्याऐवजी मातीत गेला होता. तिच्या घरची सत्तर कलमं. त्यातली अकरा मुळासकट आडवी झाली आणि उभी राहिली त्यांची फळं गळली. नवरा आंब्याच्या दिवसांत बाग बघतो, एरवी टेम्पो चालवतो. घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. ती स्वतः एका पतसंस्थेत क्लार्क, अकरा वर्षांपासून. पगार तेरा हजार. शिक्षण २००३ सालची बारावी, कॉमर्स, आणि पुढे कधीतरी केलेलं एमएस-सीआयटी. वय छत्तीस.

बागेवर विसंबून राहता येत नाही हे वादळाने पक्कं केलं होतं. घरात महिन्याच्या महिन्याला येणारी रक्कम एकच, तिच्या पगाराची. आणि ती वाढायची तर शाखाधिकारी होण्यावाचून वाट नव्हती. तिच्या शाखेचे शाखाधिकारी २०२५ च्या मार्चला निवृत्त व्हायचे होते.

तिने विचारलं ते असं: "काकानू, खंयची डिग्री बरी?"

डिग्री मागतंय कोण?

या प्रश्नाला उत्तर देऊ नये, हे मी आधीची चार-पाच माणसं चुकवून शिकलोय. कुठली पदवी चांगली हे विचारणं म्हणजे कुठली चावी चांगली असं विचारणं. आधी कुलूप दाखव. म्हणून मी उलट विचारलं, तुझ्याकडे डिग्री मागतंय कोण?

तिच्या मते सगळेच. भाऊ म्हणत होता, डिग्री घे आणि तलाठ्याची परीक्षा दे. मुंबईचा चुलतभाऊ म्हणत होता, आजकाल एमबीएशिवाय काही नाही. नणंदेचं म्हणणं, काहीही कर पण पदवीधर हो, मुलीच्या लग्नात बरं दिसतं. सासूबाईंचं वेगळंच: "आता ह्या वयात शाळा कित्याक? डिग्री घेऊन काय करतलंस?"

नणंदेच्या म्हणण्याला मी हसलो नाही. पदवीची जी एक किंमत लग्नपत्रिकेत आणि दारावरच्या पाटीवर असते ती खोटी नसते. चव्वेचाळीस वर्षांचा एक टेम्पोवाला माझ्याकडे फक्त तेवढ्यासाठी आला होता आणि त्याला मी खुशाल बी.ए. कर म्हटलं. त्याला ते हवं होतं आणि त्याला ते मिळालं. या बाईला मात्र पगार हवा होता.

तलाठ्याचं गणित पाच मिनिटांत सुटलं. राज्य सरकारच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा साधारणपणे ३८, मागासवर्गीयांना ४३; २०१६ साली ती तशी वाढवली गेली. तिचा प्रवर्ग खुला. तेव्हा छत्तीस पूर्ण, पदवीला निदान तीन वर्षं, म्हणजे निकाल हातात येईस्तोवर एकोणचाळीस. दार बंद. भावाला हे ठाऊक नव्हतं. त्याला फक्त तलाठ्याला पदवी लागते एवढंच माहीत होतं. ती पाच-सहा वर्षं आधी आली असती तर सल्ला कदाचित वेगळा झाला असता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण चष्मा काढून पुसला.

एमबीए तर पदवीनंतरची गोष्ट. ती बाजूला राहिली.

उरली पतसंस्था. शाखाधिकारी व्हायला काय लागतं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "पदवीधर लागता, असा म्हणतत." म्हणतात कोण? कुठे लिहिलंय? ठाऊक नाही. अकरा वर्षं नोकरी केली पण संस्थेचे सेवानियम तिने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. याचं मला नवल वाटलं नाही. मी तीस वर्षांत किती कर्मचाऱ्यांनी ते पाहिलेले बघितले, हे एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. तिला म्हटलं, ती पुस्तिका मिळाल्याशिवाय इथे यायचं नाही.

तीन आठवडे लागले. कार्यालयात मागितली तेव्हा 'कशाला हवी' असा प्रश्न आला. शेवटी निवृत्तीला टेकलेल्या शाखाधिकाऱ्यांनीच स्वतःची प्रत झेरॉक्सला दिली. पान सतरावर ओळ होती: शाखाधिकारी पदासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी, वाणिज्य शाखेस प्राधान्य, संस्थेतील किमान आठ वर्षांचा अनुभव. नियमित की दूरस्थ, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पुढचं सगळं प्रकरण या एका ओळीवर उभं आहे. ही ओळ नसती तर मी तिला पदवी घेऊ नको म्हटलं असतं. टॅली शीक, वसुलीच्या कायद्याचं एखादं प्रशिक्षण घे, आणि उरलेले पैसे नवीन कलमांना लाव, असं सांगितलं असतं.

'मान्यताप्राप्त' या शब्दात काय काय बसतं

आपल्याकडे अजून लोकांच्या मनात दूरस्थ म्हणजे दुय्यम. त्याला कारणंही आहेत. पण कायद्याची बाजू स्वच्छ आहे. पत्रद्वारा शिक्षण या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केलं. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षणाची संस्था १९७१ ची. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५ चं. आणि आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, ज्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद तालुक्याच्या गावातल्या फलकांवरही दिसतं. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी दूरस्थ पदव्या आपोआप ग्राह्य, असं १ मार्च १९९५ च्या अधिसूचनेपासून आहे. आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, ४ सप्टेंबर २०२० च्या नियमांत दूरस्थ व ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली आहे.

पण समकक्ष कुठली? ज्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्या सत्रात परवानगी होती तिथली. तिन्ही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. विद्यापीठ नावाजलेलं आहे एवढ्याने भागत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्या अवैध ठरवल्या. विद्यापीठं होती, इमारती होत्या, पदवीदान समारंभही झाले होते. त्या अभ्यासक्रमाची रीतसर परवानगी तेवढी नव्हती. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर वर्षवार यादी असते आणि ती बघायला दहा मिनिटं पुरतात. आम्ही वाचनालयाच्या संगणकावर बसून ती बघितली, छापून घेतली, आणि छापल्याची तारीख वर लिहिली. हा कागद पुढे कामी आला.

(तिच्या धाकट्या बहिणीने मध्येच फोन करून विचारलं, नर्सिंग असं घरबसल्या होतं का. नाही होत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुकला, कायदा, कृषी हे पदवी अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायला मुभाच नाही. कुणी देतो म्हणाला तर फोन ठेवावा.)

राज्याच्या विद्यापीठाला राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही, हीसुद्धा लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं 'केंद्र' आपल्या बाजारपेठेत गाळा घेऊन बसलेलं दिसलं, की चहा पिऊन निघावं.

असा एक गाळेवाला तिला भेटलाच. भेटला म्हणजे फोनवर. तिने कुठल्यातरी जाहिरातीत नंबर टाकला होता. माणूस गोड बोलणारा, दर दोन दिवसांनी विचारपूस करणारा. त्याचं म्हणणं असं की बारावी २००३ ला झाली आहे, मधली वर्षं 'गॅप'मध्ये धरून एका वर्षात बी.कॉम. करून देतो, परीक्षेला फक्त एकदा यायचं. पैसे सात-आठ पगारांएवढे आणि भरायचे त्याच्या स्वतःच्या खात्यात. मी तिला एकच सांगितलं. तू पतसंस्थेत बसतेस. कुणी येऊन म्हणालं की मुदत ठेवीची पावती मागच्या तारखेची करून दे, तर काय म्हणशील? ती हसली. मग त्याने परत फोन केला तेव्हा तिने त्याला यूजीसीच्या यादीतला अनुक्रमांक विचारला. त्यानंतर त्याने फोन केला नाही.

तीन दारं आणि माझी चूक

तीन रास्त पर्याय होते: मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था (तेव्हाचं आयडॉल), इग्नू, आणि नाशिकचं मुक्त विद्यापीठ. तिन्ही ठिकाणी बी.कॉम.

माझा कौल मुंबई विद्यापीठाला होता. सिंधुदुर्ग त्याच्याच हद्दीत, कागदावर नाव मोठं, आणि संचालक मंडळात बसलेल्या निम्म्या लोकांची पदवी तिथलीच; त्यांना नाक मुरडायला जागा राहणार नाही, असा माझा हिशोब. दुसरा क्रमांक इग्नूला, कारण शिस्त. ३० टक्के गुण स्वाध्यायांना, ७० टक्के सत्रांत परीक्षेला. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करायची मुभा. नोकरी करणाऱ्या बाईला हे सोयीचं.

तिने दोन्ही नाकारले. तिन्हीकडची नमुना पुस्तकं तिने कुणाकुणाकडून मागून आणली, घरी नेली, आणि पुढच्या गुरुवारी नाशिकचं एक पुस्तक टेबलावर ठेवलं. मराठीत होतं. म्हणाली, "ह्या माका वाचूक येता. बाकीची भाषांतर करीत बसाक लागतली."

मला ते पटलं नाही. बी.कॉम. मराठीतून करून पुढे काय, इंग्रजी शब्द आले नाहीत तर बाहेर कुठे उभं राहणार, असं मी बराच वेळ बोललो. बँकेतल्या माणसाचा हा जुना गंड. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, काकानू, आमच्या संस्थेत सॉफ्टवेअर इंग्रजीत आहे, ते मी अकरा वर्षं चालवते. मला इंग्रजी शब्द येतात, त्यांच्या आतला हिशोब येत नाही.

याला उत्तर नव्हतं. तिच्या संस्थेत जुनी माणसं अजून किर्द (रोजचा जमाखर्च), खतावणी (खातेवही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींचा ताळा) म्हणतात. ती रोज संध्याकाळी किर्द मिळवायची, पण तेरीज का जुळते आणि जुळूनही चूक कशी लपून राहू शकते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी पुस्तकात तेच शब्द होते. जो शब्द हातात आहे त्याचाच अर्थ शिकायचा, नवा शब्द आणि नवा अर्थ दोन्ही एकदम नाही. नाशिक ठरलं. मी चुकत होतो हे मला पुढे सहा महिन्यांत कळलं. एका गुरुवारी तिने सहज सांगितलं की एका शाखेत देय व्याजाची तरतूद दोन तिमाह्या चुकीच्या खात्याला पडत होती आणि ती तिला दिसली. अकरा वर्षं ती तेच आकडे टंकत होती.

वेळ कुठून आणायचा

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात आणि त्यांना फसवणारा एजंट नसतो, ते स्वतःच असतात.

दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरली तर ३६०० तास होतात. तीन वर्षांचे आठवडे १५६, म्हणजे आठवड्याला तेवीस तास. हा आकडा मी कागदावर मांडला तेव्हा ती गप्प झाली. खरं सांगायचं तर तेवीस तास कुणी करत नाही, विद्यापीठालाही ते ठाऊक असतं. पण आकडा समोर असला की 'रोज रात्री तासभर वाचीन' ही थाप स्वतःला मारता येत नाही.

तिला एक आठवडा कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तास लिहायला लावले. पतसंस्था दहा ते सहा. जायला-यायला दीड तास. स्वयंपाक, मुलगी, सासूबाईंची औषधं, शनिवारचा बाजार. निघाले ते पहाटे पाच ते साडेसहा, आणि रविवार दुपार. त्यातून खरोखर हाती लागतील असे नऊ तास, फार तर दहा. ती म्हणाली मग झेपणार नाही. मी म्हटलं, झेपेल, पण तीन वर्षांत होईलच असं घरी सांगू नको.

आठवड्याहून मोठा प्रश्न वर्षाचा होता. कोकणातलं वर्ष विद्यापीठाच्या वेळापत्रकाला ओळखत नाही. मोहर आला की फवारण्या, मार्चला पतसंस्थेची वर्षअखेर आणि वसुली, एप्रिल-मे आंबा, जूनमध्ये भाताची पेरणी, भाद्रपदात गणपती आणि घरात मुंबईचे चाकरमानी. मोकळे म्हणावे असे दोनच तुकडे: पाऊस स्थिरावल्यापासून गणपतीपर्यंत, आणि दिवाळीनंतरचे पाच-सहा आठवडे. नवऱ्याने पहिल्याच दिवशी एकच अट घातली होती. "परीक्षा मे म्हयन्यात नको. आंबे कोण काढतलो?" आंबे तो आणि गडी काढणार होते, पेट्या भरणं, पेंढा घालणं, फळ निवडणं आणि वाशीच्या दलालाचा हिशोब ठेवणं हे तिचं काम होतं.

उन्हाळी परीक्षा टाळता येत नव्हती. म्हणून तिने उलटं केलं. पावसाळ्यात, जेव्हा लाईट जाते आणि रस्ते बंद होतात, तेव्हा वर्षाचा निम्म्याहून जास्त अभ्यास उरकायचा. मेच्या पंधरा दिवसांत फक्त उजळणी, तीही पेट्या भरताना. मुलगी प्रश्न वाचायची, ही उत्तर सांगायची. सासूबाई बाजूला बसून ऐकायच्या. दुसऱ्या वर्षी म्हणे घसारा म्हणजे काय हे त्यांनी शेजारणीला समजावून सांगितलं.

तीन वर्षं आणि सहा महिने

प्रवेश झाला आणि दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला. तो पार २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. अभ्यासकेंद्र कणकवलीच्या बाजूला, रविवारी संपर्कसत्रं, आणि गाडी नाही. पहिल्या वर्षाच्या सत्रांपैकी तिने तीन गाठली; तीही नवऱ्याच्या टेम्पोतून, भाडं मिळालं त्या रविवारी. जाहिरातीत 'घरबसल्या शिका' असं असलं तरी केंद्रापर्यंत पोचण्याचा खर्च आणि कटकट कुणी धरत नाही. तिथे बारा जणांच्या वर्गात एक पोस्टमन, दोन अंगणवाडी सेविका आणि एक हॉटेलवाला होता. त्यांचा मोबाइलवरचा गट हाच पुढे तिचा खरा वर्ग झाला.

लेखाकर्म, लेखापरीक्षण, सहकार या विषयांत तिला साठच्या वर गुण. अर्थशास्त्राने मात्र रडवलं. मागणीची लवचीकता तिला कळेना. मी दोन गुरुवार डोकं फोडलं. शेवटी सुरमईचा दर आणि पापलेटचा दर श्रावणात काय होतो आणि श्रावण संपल्यावर काय होतो यावरून थोडं उलगडलं, पण पेपरात आकृत्या काढायच्या होत्या आणि त्या आल्या नाहीत. तो एक विषय राहिला, २०२४ च्या हिवाळ्यात सुटला. पदवी द्वितीय श्रेणीत. फी, पुस्तकं, प्रवास सगळं धरून खर्च तिच्या दोन पगारांत बसला, आणि तो तीन वर्षांत विभागून गेला.

मध्ये एकदा तिने सोडायचं ठरवलं होतं, दुसऱ्या वर्षी, सासूबाई आजारी असताना. त्याबद्दल तिने नंतरच सांगितलं. मी काही समजूत घातली असं नाही. मला पत्ताच नव्हता.

मग किंमत किती आली?

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने पदवीची प्रत लावून अर्ज दिला. चेअरमननी तोंडी सांगितलं, घरबसल्या काढलेली डिग्री आपल्याकडे चालत नाही.

तो छापून ठेवलेला कागद इथे बाहेर आला. प्रवेशाच्या वेळची परवानगीची यादी, २०२० च्या नियमांतला समकक्षतेचा भाग, आणि सेवानियमांचं सतरावं पान. तीन कागद आणि एक सभ्य पत्र, आवक क्रमांक घेऊन. पत्राचा मसुदा माझा होता, पण त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य तिचं: 'सेवानियमांत नसलेली अट माझ्या अर्जापुरती लावली जात असल्यास तसे लेखी कळवावे.' लेखी कुणी कळवलं नाही. अर्ज ग्राह्य धरला गेला.

आणि जागा दुसऱ्याला मिळाली.

मुलाखतीला चौघे होते. निवड झाली तो तिच्याहून चार वर्षं कनिष्ठ, रत्नागिरीला कॉलेजात जाऊन बी.कॉम. झालेला, आणि एका संचालकाच्या नात्यातला. यातल्या कुठल्या कारणाने निवड झाली हे मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी ते करत नाही. पण एक गोष्ट मी तिला २०२१ मध्येच नीट सांगायला हवी होती आणि सांगितली नव्हती. पदवी समकक्ष आहे याचा अर्थ अर्ज बाद करता येत नाही, एवढाच. निवड ज्याच्या हातात आहे त्याच्याच हातात राहते. पात्रतेचा उंबरा कायदा ओलांडून देतो. पुढची ओसरी मालकाची.

महिनाभर ती वाचनालयात फिरकली नाही.

आली ती वेगळीच बातमी घेऊन. संस्थेच्या वैधानिक लेखापरीक्षणाला आलेल्या लेखापरीक्षकांनी तिच्याकडून तीन शाखांची थकबाकीची यादी तयार करून घेतली होती, आणि एनपीएच्या, म्हणजे थकीत कर्जांच्या, वर्गवारीत तिने काढलेल्या दोन चुका त्यांनी आपल्या अहवालात घेतल्या. जाताना त्यांनी विचारलं, पदवी झाली आहे ना, मग जी.डी.सी. अँड ए. का देत नाही?

सहकार व लेखा पदविका, सहकार खात्याची परीक्षा. सहकारी संस्था अधिनियमाच्या ८१ व्या कलमानुसार सहकारी संस्थांचा प्रमाणित लेखापरीक्षक व्हायचं तर पदवी आणि ही पदविका दोन्ही लागतात, वर अनुभवाची अट आणि मराठीचं ज्ञान. सहा पेपर: हिशोब, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास-तत्त्वं-व्यवस्थापन, सहकार कायदा आणि इतर कायदे, सहकारी बँका व पतसंस्था, गृहनिर्माण संस्था. सहांतले चार ती बारा-पंधरा वर्षं जगते आहे. आणि मराठीतून शिकलेली पदवी, जिच्याबद्दल मी नाक मुरडलं होतं, ती इथे अडचण नव्हतीच. सोसायट्यांची दप्तरं मराठीत, ठराव मराठीत, अहवालही मराठीतच लिहायचा. तालुक्यात विकास सोसायट्या, मच्छीमार सोसायट्या, पतसंस्था मिळून काम भरपूर, आणि गावोगाव फिरून ते करायला तयार असणारी माणसं थोडी.

मला हे आधी का सुचलं नाही? मी शाखाधिकारी या शब्दावर अडकलो होतो. बँकेत आयुष्य गेलं की बढती म्हणजे वरची खुर्ची, एवढंच दिसतं. तिला पान सतरा शोधायला लावणाऱ्या माणसाने ८१ वं कलम शोधलं नव्हतं.

आत्ता कुठवर आलंय ते सांगतो. पगार दोन हजारांनी वाढला, कारण 'पदवीधर लिपिक' अशी एक वेतनश्रेणी त्याच सेवानियमांत पान एकोणीसवर होती आणि ती आजवर कुणी मागितलीच नव्हती. पदवीचा खर्च त्याने वर्षाच्या आतच फिटला. नवे शाखाधिकारी थकबाकीचं पत्रक तिच्याकडूनच करून घेतात. त्याबद्दल तिला राग आहे आणि तो असावा.

आणि परवाच्या गुरुवारी ती पदविकेचा अर्ज घेऊन आली. तारखा बघितल्या. परीक्षा मेच्या अखेरीस, सलग तीन दिवस, रोज दोन पेपर. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, घरात सांगून झालंय. नवऱ्याने नेपाळी कामगारांच्या मुकादमाला फोन करून दोन गडी आठवडाभर जास्त ठेवायला सांगितलंय, पेट्या भरायला. मुलगी यंदा बारावीला, तिची परीक्षा तोवर संपलेली असेल, तीही बसेल.

"आनि सासूबाई?"

"त्यांका म्हटलंय, दलालाचो फोन इलो तर भाव इचारून वहीत लिवून ठेवा. त्या म्हनतत, नावे की जमा, ता आधी सांग."